ताण आणि परागकणांची अ‍ॅलर्जी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘गोळी घे’. दुसरा, ‘टेन्शन घेऊ नकोस’. गोळी काय करते हे थोडंफार सगळ्यांना ठाऊक असतं. टेन्शनचा आणि शिंकांचा काय संबंध, हे मात्र फारसं कुणी नीट सांगत नाही. संबंध आहे, पण तो सरळ नाही. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

ताणामुळे परागकणांची अ‍ॅलर्जी होते का?

नाही. अ‍ॅलर्जीसाठी परागकण लागतात आणि त्यांना शत्रू समजून बसलेली रोगप्रतिकारक यंत्रणा लागते. तिचा हा कल बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. ताण मुळात असलेली अ‍ॅलर्जी भडकवू शकतो, लांबवू शकतो, पण नसलेली अ‍ॅलर्जी एका रात्रीत उभी करत नाही. ‘तू फार विचार करतोस म्हणून तुला शिंका येतात’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. शिंका येतात त्या हवेतल्या परागकणांमुळे.

शिंका येतात तेव्हा नाकात नेमकं काय चाललेलं असतं?

हे आधी पाहून घेऊ, कारण ताणाची संप्रेरकं याच साखळीतल्या निरनिराळ्या कड्यांना हात घालतात.

परागकण नाकाच्या ओल्या अस्तरावर पडला की त्याच्यातली प्रथिनं झिरपून बाहेर येतात. अस्तरातल्या पहारेकरी पेशी ती उचलतात, जवळच्या लसिका गाठीत नेतात आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. आता टी पेशींपुढे निरनिराळ्या वाटा असतात. विषाणू-जिवाणूंशी लढायचं असेल तर त्या ‘टीएच-१’ वळणाने जातात. अ‍ॅलर्जीचा कल असलेल्या माणसात त्या ‘टीएच-२’ वळणाला लागतात आणि इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ हे निरोप सोडू लागतात. हे निरोप मिळाले की बी पेशी त्या परागकणासाठी खास आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतात. आयजीईचा शोध १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लागला. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने रॅगवीड या तणाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या रक्तावर काम करून तो लावला, आणि साधारण त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश हेही स्वतंत्रपणे तिथेच पोचले.

ही प्रतिपिंडं मास्ट पेशींच्या, म्हणजे अस्तरात ठाण मांडून बसलेल्या प्रतिकारक पेशींच्या, पाठीवर जाऊन बसतात. इथपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. पुढच्या हंगामात तोच परागकण परत आला की तो दोन शेजारच्या आयजीईंना एकदम पकडतो आणि मास्ट पेशी काही मिनिटांत आपल्या पोटातलं हिस्टामिन ओतून मोकळी होते. खाज, शिंका, पाण्यासारखं नाक, चुरचुरणारे डोळे हे सगळं त्यातून येतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. तिच्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि इतर पेशी अस्तरात गोळा होतात आणि नाक चोंदून बसतं. ताणाच्या संदर्भात ही दुसरी लाट फार महत्त्वाची आहे. ती लक्षात ठेवा.

ताणाची संप्रेरकं म्हणजे कोणती?

मुख्यतः तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. पहिलं अ‍ॅड्रेनलिन. त्याच्या जोडीला त्याचा सख्खा भाऊ नॉरअ‍ॅड्रेनलिन असतो. दचकल्यावर काही सेकंदांत छाती धडधडते ती यांच्यामुळे. दुसरं कॉर्टिसॉल. ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींच्या बाहेरच्या थरातून येतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. तिसरं सीआरएच. मेंदूतला हायपोथॅलॅमस ते सोडतो, त्यावरून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच सोडते आणि मग कॉर्टिसॉल स्रवतं. सीआरएचची रचना १९८१ मध्ये उलगडली. पुढे ते मेंदूबाहेर, त्वचेतही सापडलं, आणि अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने ते नुसतं निरोप्या राहिलं नाही.

‘स्ट्रेस’ ही कल्पना वैद्यकात रुजवली हान्स सेल्ये यांनी. १९३६ साली त्यांनी दाखवलं की थंडी, इजा, विष अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींना उंदरांची शरीरं एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देतात. अ‍ॅड्रेनल ग्रंथी वाढतात आणि रोगप्रतिकारक यंत्रणेचा भाग असलेली थायमस ग्रंथी आक्रसते. ताण आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं त्या पहिल्याच निरीक्षणात होतं.

कॉर्टिसॉल तर सूज कमी करतं. मग ताणात अ‍ॅलर्जी कमी व्हायला हवी ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकी द्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण विषयाचं मर्म इथेच आहे.

कॉर्टिसॉल सूज उतरवतं यात शंका नाही. त्याचं भावंड कॉर्टिसोन १९४८ मध्ये पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं हिंडूफिरू लागली. केंडाल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल मिळालं ते या संप्रेरकांवरच्या कामासाठी. कॉर्टिसॉल पेशीत शिरतं, तिथल्या एका खास ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, त्याच्यासह पेशीकेंद्रात जातं आणि सूज पेटवणाऱ्या जनुकांवर दाब आणतं. ताण थोड्या वेळाचा असेल तर हा दाब उपयोगीच पडतो.

बिघाड होतो तो ताण आठवडेच्या आठवडे, महिनोन्‌महिने चालू राहिला की. तेव्हा दोन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट, कॉर्टिसॉल सगळ्या पेशींना सारखं दाबत नाही. पहारेकरी पेशी इंटरल्यूकिन-१२ नावाचा निरोप सोडतात आणि तो टी पेशींना टीएच-१ वळणाकडे ढकलतो. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन दोन्हीही हा निरोप कमी करतात. टीएच-२ बाजूला मात्र तेवढा धक्का लागत नाही. म्हणजे तराजूच्या एका पारड्यातलं वजन काढून घेतलं की दुसरं आपसूक खाली जातं. आणि हे खाली जाणारं पारडं नेमकं अ‍ॅलर्जीचं असतं. वैद्यकीय विद्यार्थ्यांवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परीक्षेच्या काळात त्यांच्या रक्तातल्या पेशींचा कल याच दिशेने झुकलेला दिसला.

दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. सतत कानीकपाळी ओरडणाऱ्याकडे माणूस लक्ष देईनासा होतो, तसं पेशींचंही होतं. कॉर्टिसॉलचा मारा चालूच राहिला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. ग्राहकांची संख्या किंवा संवेदनशीलता घटते. रक्तात कॉर्टिसॉल असतं, पण सूज उतरवण्याचा त्याचा आदेश कुणी पाळत नाही. ग्रेगरी मिलर आणि एडिथ चेन यांनी २००६ मध्ये दमा असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांच्या घरात दीर्घकाळ ताण होता आणि त्यात भर म्हणून नुकताच एखादा मोठा धक्काही बसला होता, त्यांच्या पांढऱ्या पेशींत कॉर्टिसॉलच्या ग्राहकाचा जनुकीय संदेश तसा ताण नसलेल्या दमेकरी मुलांपेक्षा सुमारे साडेपाच पटीने कमी होता. अ‍ॅड्रेनलिन ज्याला चिकटतं त्या बीटा-२ ग्राहकाचा संदेश साडेनऊ पटीने कमी. हा बीटा-२ ग्राहक म्हणजे दम्याचा नेहमीचा पंप ज्याच्यावर काम करतो तोच.

शेल्डन कोहेन यांच्या गटाने २०१२ मध्ये हीच कल्पना साध्या सर्दीच्या बाबतीत तपासली. २७६ निरोगी प्रौढांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला गेला. दीर्घ ताणाखाली असलेल्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी जुमानत होत्या, आणि अशांनाच सर्दी होण्याची शक्यता जास्त होती. तो विषाणूचा अभ्यास आहे, परागकणांचा नाही. पण सूज आवरणारी यंत्रणा दोन्हीकडे एकच आहे.

घाबरलो किंवा पळापळ झाली की माझं नाक उलट मोकळं होतं. हे कसं?

बरोबर आहे, आणि ते वरच्या उत्तराशी विसंगत नाही. नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ते फुगलं की नाक चोंदतं. अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या वाहिन्या आकसवतात. शिवाय मास्ट पेशींवरही बीटा-२ ग्राहक असतात आणि अ‍ॅड्रेनलिन तिथे चिकटलं की पेशी हिस्टामिन सोडायला आखडता हात घेते. जिवावर बेतलेल्या अ‍ॅलर्जीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन देतात त्यामागे रक्तदाब सावरणं, श्वासनळ्या उघडणं यांबरोबर हेही एक कारण आहे.

पण हा परिणाम अल्पजीवी. भीती ओसरली की नाक पुन्हा पहिल्यासारखं, कधीकधी आधीपेक्षा जास्त चोंदलेलं.

मग ताण मास्ट पेशींना भडकवतो तरी कुठून?

मज्जातंतूंच्या वाटेने. मास्ट पेशी बऱ्याचदा मज्जातंतूंच्या टोकांना अगदी खेटून असतात. ताणाच्या वेळी ही टोकं ‘सबस्टन्स पी’सारखी रसायनं सोडतात आणि ती आयजीईशिवायही मास्ट पेशीला चेतवू शकतात. सीआरएचचंही तसंच. मास्ट पेशींवर त्याचे ग्राहक सापडले आहेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ताण दिल्यावर त्यांच्या मार्गाने मास्ट पेशी फुटलेल्या दिसल्या आहेत. म्हणजे अ‍ॅड्रेनलिन त्याच पेशीला ‘थांब’ म्हणतं आणि सीआरएच ‘सोड’ म्हणतं. एखाद्या दिवशी कुणाचं चालेल हे ताण किती वेळचा आहे, ती पेशी कुठल्या अवयवात आहे आणि त्या माणसात कोणते ग्राहक किती शाबूत आहेत यावर ठरतं. म्हणून एकाच घरातल्या दोन अ‍ॅलर्जीवाल्यांचे अनुभव उलटसुलट असू शकतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

हे सगळं प्रत्यक्ष माणसांवर तपासलंय का?

हो. मला सगळ्यात पटलेला प्रयोग ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांच्या गटाने केलेला आहे. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्या २८ जणांना दोन वेळा बोलावलं. एकदा त्यांना साधंसोपं काम दिलं. दुसऱ्यांदा परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. दोन्ही वेळा त्वचेवर टोचून अ‍ॅलर्जीची चाचणी घेतली आणि उठलेली गांध मोजली. जे मुळात जास्त चिंताग्रस्त होते त्यांची गांध ताणानंतर मोठी झाली. शिवाय दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेतली तेव्हाही कालच्या ताणाची छाया दिसत होती.

दुसरा प्रयोग २००२ चा. सौम्य दमा असलेल्या २० विद्यार्थ्यांना त्यांची ज्याची अ‍ॅलर्जी होती ते हुंगवलं. त्यात रॅगवीडचे परागकणही होते. एकदा निवांत काळात आणि एकदा परीक्षेच्या आठवड्यात. मात्रा तीच, पण परीक्षेच्या काळात थुंकीतले इओसिनोफिल जास्त वाढले. ही तीच दुसरी लाट.

प्रयोगशाळेबाहेरचं चित्र इतकं रेखीव नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅलर्जी असलेल्या १७९ जणांचं १२ आठवडे निरीक्षण केलं गेलं. ज्यांची अ‍ॅलर्जी उफाळली त्यांचा सरासरी ताण जास्त होता. पण ‘आज ताण, आजच शिंका’ असं दिवसाला दिवस जुळलं नाही. पंधरवड्याच्या हिशेबात पाहिल्यावर मात्र संबंध दिसला.

म्हणजे ताण आज आणि त्रास नंतर, असं होऊ शकतं?

हो. म्हणून लक्षणांची वही ठेवणार असाल तर त्या दिवसापुरतं पाहू नका. मागचे काही दिवस कसे गेले, झोप किती झाली, हेही लिहा. आणि हवेतलं परागकणांचं प्रमाण मिळत असेल तर तेही टिपा. नाहीतर झाडांना बहर आल्याचा दोष आपण ताणाला देऊन बसतो.

सकाळी उठल्याउठल्या शिंकांचा भडिमार का?

कॉर्टिसॉलला स्वतःचं वेळापत्रक असतं. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असतं, पहाटे चढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखराला जातं. रात्रभर हा आवर सैल असल्यामुळे सूज वाढायला मोकळं रान मिळतं. मास्ट पेशींचंही आतलं घड्याळ असतं. त्यात केसांत, उशीवर आलेले परागकण. दीर्घ ताण आणि जागरणं यांनी कॉर्टिसॉलचा हा चढउतार सपाट होत जातो. रात्री अंघोळ करून, केस धुऊन झोपणं हा उपाय अगदी साधा आहे, पण तो टाळू नका.

म्हणजे शेवटी हे मनाचेच खेळ ना?

नाही. या प्रश्नाने अनेक रुग्णांना दुखावलेलं आहे, म्हणून स्पष्ट सांगायला हवं.

१८८६ मध्ये बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मॅकेन्झी यांनी एक प्रसंग नोंदवला. गुलाबाच्या वासाने हैराण होणाऱ्या त्यांच्या एका रुग्ण बाईंसमोर त्यांनी हुबेहूब दिसणारा कृत्रिम गुलाब धरला आणि बाईंना झटका आला. ही गोष्ट पुढे ‘बघा, सगळं डोक्यातलं आहे’ हे सिद्ध करायला वापरली गेली. मला तिचा अर्थ वेगळा दिसतो. त्या बाईंचं नाक खरंच वाहत होतं. मेंदू नाकाच्या ग्रंथींना आणि रक्तवाहिन्यांना शिकवू शकतो, इतकाच त्याचा अर्थ. २००८ मध्ये जर्मन संशोधकांनी याची उलटी बाजू दाखवली. धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना अ‍ॅलर्जीच्या गोळीबरोबर एक अनोख्या चवीचं पेय काही दिवस दिलं. नंतर खऱ्या गोळीशिवाय तेच पेय दिल्यावरही लक्षणं कमी झाली, आणि रक्तातल्या बेसोफिल पेशीही (याही मास्ट पेशींसारखंच हिस्टामिन सोडतात) शांत झालेल्या मोजता आल्या.

मोजता येणाऱ्या पेशींना ‘खेळ’ म्हणू नये. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून वाटेला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

अ‍ॅलर्जीनेच ताण वाढतो, असंही असेल ना?

असतंच. चोंदलेल्या नाकाने झोप मोडते, दिवसभर डोकं जड, कामात लक्ष नाही. अपुऱ्या झोपेने ताणाची यंत्रणा आणखी चेतते. सुजेतून निघालेले निरोप मेंदूपर्यंत पोचतात आणि माणूस मलूल, चिडचिडा होतो. हे चक्र तोडायचं तर माझ्या मते सुरुवात नाकापासून करावी. नाक मोकळं झालं की झोप येते आणि बाकीचं हळूहळू सुधारतं.

कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून घ्यावी का?

अ‍ॅलर्जीसाठी नाही. ते तासातासाला बदलतं, आणि पेशी त्याचं ऐकतात की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. अ‍ॅड्रेनल ग्रंथींच्या आजाराची शंका असेल तर डॉक्टर ती सांगतील. त्याच कारणाने ‘कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या’ गोळ्या-पावडरींवर अ‍ॅलर्जीसाठी खर्च करू नका.

स्टिरॉइडचा स्प्रे म्हणजे ताणाचंच संप्रेरक नाकात मारायचं?

एका अर्थी हो. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड ही औषधं कॉर्टिसॉलच्याच ग्राहकाला चिकटतात, फक्त कितीतरी घट्ट. आणि ती नाकाच्या अस्तरापुरती काम करतात, रक्तात फार थोडी पोचतात. त्यामुळे दीर्घ ताणातला सर्वांगाचा गोंधळ त्यांच्याबरोबर येत नाही. ‘स्टिरॉइड’ या शब्दाला घाबरून स्प्रे टाळणारी आणि वर्षानुवर्षं हाल सोसणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं.

स्प्रेचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तेव्हा हंगामाच्या थोडं आधी सुरू करून रोज वापरावा, शिंका आल्यावरच नव्हे. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या रोखाने धरावी. हंगामभर पुरेल म्हणून घेतलं जाणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे. ते सगळ्या शरीरात पसरतं, स्वतःचं कॉर्टिसॉल दाबतं, आणि नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी त्याची शिफारस केली जात नाही.

अ‍ॅलर्जीची औषधंच ताण वाढवतात का?

काही वाढवतात. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन अ‍ॅड्रेनलिनच्या वाटेनेच काम करतं. त्याने धडधड, बेचैनी, निद्रानाश होऊ शकतो. रक्तदाब असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते आणि दुसऱ्या दिवशीही डोकं जड राहतं. नव्या पिढीतल्या सेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिनने गुंगी कमी येते. त्यातही सेट्रिझिन काहींना झोप आणतं.

ध्यान, श्वसनाचे व्यायाम, चालणं यांनी फरक पडतो का?

लक्षणांचा जाच कमी वाटणं, झोप सुधारणं, इतपत अपेक्षा ठेवायला हरकत नाही. आयजीई त्यांनी नाहीसं होत नाही. रोगप्रतिकारक यंत्रणेचं मूळ वळण बदलणारा उपाय म्हणजे इम्युनोथेरपी, म्हणजे परागकणांच्या अर्काचे वाढते डोस. लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांवर तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला. आजही तो साधारण तीन वर्षं घ्यावा लागतो.

व्यायाम जरूर करा, पण हवेत परागकण दाट असताना बाहेर धावू नका. धावताना श्वास अनेक पटींनी वाढतो आणि तेवढेच परागकणही आत जातात. त्या दिवसांत घरात करा, किंवा पाऊस चांगला पडून गेल्यावर बाहेर पडा.

परीक्षा किंवा मुलाखत नेमकी परागकणांच्या हंगामात आहे. काय करू?

स्प्रे दोन आठवडे आधीपासून नियमित सुरू करा. नवी गोळी त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. गुंगी येते का हे आधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी पाहून ठेवा. आदल्या रात्री जागू नका, कारण त्या एका रात्रीत वाचून जेवढं मिळेल त्यापेक्षा चोंदलेल्या नाकाने आणि जड डोक्याने जास्त जाईल.

मला परागकणांबरोबर दमाही आहे. ताणाच्या काळात वेगळं काही?

हो, जास्त सावध राहा. वर आलेला बीटा-२ ग्राहकांचा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ताणाच्या दिवसांत रोजचा प्रतिबंधक पंप चुकवू नका, आणि लोक नेमका तेव्हाच तो विसरतात. तातडीचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागू लागला, रात्री खोकल्याने किंवा धाप लागून जाग येऊ लागली, तर ‘टेन्शन आहे म्हणून होतंय’ असं मनाशी म्हणत थांबू नका. डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. पंप घेऊनही वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.